सेलिब्रिटींच्या नावावरची मदत: इंदूरकरांनी हजार रुपये कुठे द्यावेत, कुठे हात आखडता घ्यावा

फोनवर ओळखीचा चेहरा दिसतो. हात जोडून सांगतो की अमुक बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन पैशांवाचून अडलंय, आणि खाली ‘आत्ताच मदत करा’ असं बटण. रामबागेपासून सुदामा नगरापर्यंतच्या मराठी ग्रुपांवर अशा लिंका सतत फिरत असतात. त्यांच्याखाली कुणीतरी विचारतंच: याच्याकडे एवढे कोटी पडलेत, मग हा आमच्याकडे हजार रुपये कशाला मागतो?

प्रश्न रास्त आहे. पण ‘त्यांनी जास्त द्यावं’ एवढं म्हणून थांबलं तर हाती काही लागत नाही. जास्त म्हणजे किती, कुणाच्या खिशातून आणि नेमकं कशासाठी, हे पाहावं लागतं. म्हणून नामवंतांच्या नावावर चालणाऱ्या देणगीच्या सेवांचं हे परीक्षण: मदतनिधीची ऑनलाइन पानं, लिलाव, मदतीचे कार्यक्रम आणि त्यांची स्वतःची फाउंडेशनं. उदाहरण लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचं घेतलंय, कारण या कामाचा खर्च मोजता येतो आणि इंदूरला त्याची चांगली ओळख आहे.

मोजमापही इंदूरचंच. होळकरांच्या कारभारात दौलतीचा (राज्याच्या तिजोरीचा) हिशेब वेगळा आणि खासगीचा (घराण्याच्या स्वतःच्या मिळकतीचा) वेगळा ठेवला जाई. अहिल्याबाईंनी देशभर घाट, धर्मशाळा, मंदिरं उभी केली ती खासगीच्या उत्पन्नातून, रयतेच्या वसुलातून नव्हे. तोच प्रश्न इथे प्रत्येक सेवेला लावलाय: यात नामवंताचा स्वतःचा पैसा किती आणि लोकांकडून गोळा केलेला किती?

ऑनलाइन मदतनिधीची पानं (५ पैकी ३)

ही सेवा सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जपून वापरायची. आधी पैशांचं गणित. समजा १,००० रुपये दिले. पेमेंट गेटवेचं शुल्क २ टक्के धरलं तर २० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३ रुपये ६० पैसे गेले. मोहीम चालवणाऱ्या मंचाचं, म्हणजे त्या संकेतस्थळाचं, स्वतःचं शुल्क ५ टक्के असेल तर जीएसटी धरून आणखी ५९ रुपये. रुग्णाच्या खात्यात पोहोचतात ९१७ रुपये ४० पैसे. काही मंच ‘शून्य शुल्क’ म्हणतात. तिथे शुल्काची जागा टिप घेते. रक्कम भरल्यावर खाली एक पट्टी येते, तिच्यावर १० किंवा १५ टक्के आधीच निवडलेले असतात. घाईत लक्ष गेलं नाही तर १,००० च्या जागी १,१५० कापले जातात आणि ते वरचे दीडशे मंचाचे असतात, बाळाचे नसतात. पट्टी उघडून ‘इतर रक्कम’ निवडायची आणि तिथे ० लिहायचं किंवा आपल्याला पटेल ती रक्कम लिहायची. मंच चालवायला पैसा लागतो, टिप देण्यात गैर काही नाही. पण ती आपण ठरवून दिलेली असावी.

दुसरी गोष्ट करसवलतीची. एखाद्या रुग्णाच्या नावानं चाललेल्या मोहिमेला दिलेल्या पैशावर ८०जी कलमाची करवजावट मिळत नाही. नोंदणीकृत संस्थेच्या नावानं मोहीम असेल तरच मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडलेल्यांना. नव्या प्रणालीत ८०जीची वजावट नाही. प्राप्तिकर कायदा २०२५ आल्यानं कलमांचे आकडे बदललेत, पण लोकांच्या तोंडी आणि पावत्यांवर अजून ८०जीच चालतं. २,००० रुपयांहून जास्त देणगी रोख दिली तर तिला वजावट नाही, आणि कपडे, धान्य, औषधं अशा वस्तुरूप मदतीला तर मुळीच नाही.

पैसे देण्याआधी पानावर लावलेलं रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक मोठं करून वाचावं. त्यात निदान स्पष्ट लिहिलेलं असावं: ‘हृदयात छिद्र’ एवढं पुरत नाही, व्हीएसडी (खालच्या कप्प्यांमधलं छिद्र), एएसडी (वरच्या कप्प्यांमधलं), पीडीए की टेट्रॅलॉजी असं विकाराचं नेमकं नाव हवं. बाळाचं वय आणि वजन हवं. पॅकेजमध्ये आयसीयूचे किती दिवस आणि वॉर्डाचे किती दिवस धरलेत ते हवं. आणि तळाशी बारीक अक्षरात ‘यात समाविष्ट नाही’ अशी यादी असते: रक्त, जास्तीचे आयसीयूचे दिवस, महागडी प्रतिजैविकं, छिद्र बुजवायला बसवायचं छत्रीसारखं उपकरण. खर्च फुगतो तो याच यादीत. कमी वजनाच्या बाळाला ऑपरेशननंतर न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लवकर निघाला नाही, की पॅकेजचे दिवस संपतात आणि रोजचं बिल सुरू होतं. पानावरचा आकडा पहिल्या अंदाजापेक्षा मोठा दिसला म्हणून लगेच फसवणूक समजू नये. पण ज्या पानावर अंदाजपत्रकच नाही, किंवा आहे आणि त्यावर तारीख, शिक्का, डॉक्टरची सही नाही, तिथे थांबावं.

पडताळणीसाठी रुग्णालयाला फोन करायचा तो पानावर दिलेल्या नंबरावर नव्हे, रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या नंबरावर. बिलिंग विभागाला रुग्णाचा नोंदणी क्रमांक सांगून एवढंच विचारावं: हा रुग्ण तुमच्याकडे नोंदलेला आहे का, आणि त्याच्या खात्यात थेट रक्कम जमा करता येईल का? पुष्कळ ठिकाणी येते. एनईएफटीच्या तपशिलात रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहायचा आणि पावती मागायची. या वाटेनं मधलं सगळं शुल्क वाचतं. फक्त एक विचारून ठेवावं, की बिलापेक्षा जास्त जमा झालं तर उरलेली रक्कम कुणाला परत जाते.

सर्रास होणारी फसवणूक मात्र पानावर होत नाही, पानाच्या फोटोवर होते. खऱ्या मोहिमेचा स्क्रीनशॉट घेतात, बाळाचा आणि नटाचा फोटो तसाच ठेवतात आणि क्यूआर कोड तेवढा बदलतात. कोड स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. तिथे संस्था, मंच किंवा रुग्णालयाऐवजी एखाद्या व्यक्तीचं अनोळखी नाव दिसलं तर तिथेच बंद करायचं. मोहीम संपून वर्ष झालेल्या लिंकाही फिरत राहतात. शेवटचा ‘अपडेट’ कधीचा आहे ते पाहावं.

आता नामवंताचा वाटा. या सेवेला पाच पैकी तीनच गुण दिलेत ते याच मुद्द्यावर. बहुतेक पानांवर चेहरा असतो, पण त्या चेहऱ्यानं स्वतः किती दिले ते लिहिलेलं नसतं. चांगलं उदाहरण मे २०२१ चं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी केट्टो या मंचावर मोहीम उघडली तेव्हा आधी स्वतःचे २ कोटी जाहीर केले, ७ कोटींचं उद्दिष्ट ठेवलं, आणि आठवडाभरात ११ कोटींच्या वर जमले. त्यातले ५ कोटी एका कंपनीच्या क्रीडा फाउंडेशनचे होते, तेही उघड सांगितलं गेलं. पैसा कुठल्या संस्थेकडे आणि कशासाठी जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लोकांपुढे हात पसरण्याआधी आपला आकडा मांडणं, एवढी एक अट प्रत्येक नामवंतानं पाळली तरी लिंकेखालच्या त्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

लिलाव (५ पैकी ३)

सही केलेली बॅट, जर्सी, ग्लोव्हज. ऑगस्ट २०२४ मध्ये के. एल. राहुल आणि आथिया शेट्टी यांनी मुलांसाठी काम करणाऱ्या विपला फाउंडेशनसाठी केलेल्या लिलावात १ कोटी ९३ लाख जमले. एकट्या कोहलीच्या जर्सीला ४० लाख मिळाले. श्रीमंतांचा पैसा श्रीमंतांकडूनच काढायची ही रीत सामान्य माणसाच्या खिशाला हात लावत नाही, हे तिचं बलस्थान. वस्तू देणाऱ्या खेळाडूला मात्र ती फारशी महाग पडत नाही. जर्सी दिली म्हणजे दान झालं असं समजून त्यानं तिथेच थांबू नये. घेणाऱ्यासाठी सूचना एवढीच, की वस्तूच्या बदल्यात मोजलेली किंमत ही देणगी नसते, तेव्हा करसवलत गृहीत धरून बोली लावू नये.

मदतीचे कार्यक्रम (५ पैकी २)

रवींद्र नाट्यगृहात किंवा अभय प्रशालात ‘अमुक कार्यासाठी’ म्हणून होणारी संगीतसंध्या. तिकीट हेही देणगी नव्हे. इथे पैसे कसे झिरपतात ते आयोजनात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं: सभागृहाचं भाडं, ध्वनी आणि प्रकाश, वादकांचं मानधन, कलाकार आणि सोबतच्या चमूचं विमान आणि हॉटेल, छपाई, फलक, तिकिटावरचा कर. मुख्य गायकानं मानधन सोडलं तरी बाकीचं बिल जाग्यावरच असतं. सगळं तिकिटातून भागवायचं ठरवलं तर कार्याला उरतं ते थोडंच. हिशेब जमतो तो दोनच रीतींनी. एक, सगळा खर्च प्रायोजकानं आधी उचलावा आणि तिकिटाचा पैसा अख्खा कार्याला जावा. तसं तिकिटावर छापावं. दोन, कलाकारानं फक्त मानधन न सोडता आपल्या चमूचा खर्चही आपल्या खिशातून करावा. तिकीट घेण्याआधी आयोजकांना विचारायचा प्रश्न हा: कार्याला द्यायची किमान रक्कम कार्यक्रमाआधीच जाहीर केली आहे का? ‘जमेल ते देऊ’ असं उत्तर आलं तर गाणं ऐकायला जरूर जावं, देणगी म्हणून जाऊ नये.

गुण दोनच दिलेत, पण याच प्रकारातून इंदूरनं देशाला दाखवण्यासारखं काम उभं केलं, तेही सांगितलं पाहिजे. गायिका पलक मुच्छल इंदूरची. १९९९ मध्ये कारगिलच्या जवानांसाठी ती दुकानोदुकानी गाऊन पैसे मागत फिरली. पुढे शहरातल्या एका शाळकरी मुलाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी हातगाडीचा मंच करून गायली आणि ५१,००० रुपये जमले. बंगळुरूच्या डॉ. देवी शेट्टींनी ती शस्त्रक्रिया फुकट करायची तयारी दाखवली. जमलेला पैसा दुसऱ्या कुणाला द्यावा म्हणून घरच्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तर ३३ मुलांचे पालक पुढे आले. तिथून कार्यक्रम वाढत गेले, इंदूरच्या एका रुग्णालयानं आपलं शुल्क निम्म्यावर आणलं, आणि जून २०२४ मध्ये तिच्या मदतीनं झालेल्या शस्त्रक्रियांचा आकडा ३,००० वर पोहोचला.

हे चाललं कशामुळे, ते पाहण्यासारखं आहे. काम एकच धरलं, बालहृदयशस्त्रक्रिया. दहा ठिकाणी हात घातला नाही. मोजायचं एकक स्वच्छ ठेवलं: एक मूल, एक शस्त्रक्रिया. रुग्णालयांशी दर आधी ठरवून घेतले, त्यामुळे तेवढ्याच पैशात जास्त मुलं बसली. आणि गाण्याची कमाई ही तिची स्वतःची कमाई होती, म्हणजे खासगीच. सिनेमात नाव झाल्यावरही यादी बंद केली नाही. या कामाला पाच पैकी पाच; कार्यक्रमांच्या सरसकट प्रकाराला ते गुण लागू होत नाहीत.

नामवंतांची स्वतःची फाउंडेशनं: कशी तपासायची

‘कर वाचवायला फाउंडेशन काढतात’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की त्याचा हिशेब एकदा मांडावाच. समजा एखाद्या नटाचं वर्षाचं उत्पन्न ५० कोटी आहे. ८०जीखाली एखाद्या ट्रस्टला दिलेल्या रकमेपैकी उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच रक्कम धरतात, म्हणजे ५ कोटी, आणि तिच्या निम्मी वजावट, म्हणजे अडीच कोटी. जुन्या प्रणालीत ५ कोटींवरच्या उत्पन्नाला अधिभार आणि उपकर धरून कराचा दर सुमारे ४२.७४ टक्के पडतो, ४७.५ कोटींवर कर झाला सुमारे २० कोटी ३० लाख. नव्या प्रणालीत दर ३९ टक्के; पूर्ण ५० कोटींवर कर १९ कोटी ५० लाख, एक रुपया दान न करता. म्हणजे ५ कोटी देऊन जुन्या प्रणालीत राहणारा उलट ८० लाख जास्त कर भरतो. मोठ्या कमाईच्या माणसाला ट्रस्टला दान देऊन कर वाचतो, ही समजूत आता सोडून द्यावी. जो देतो तो खरंच देतो.

आणि त्याच्यावर सक्ती कुणाचीच नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यांपैकी एक जरी ओलांडलं तर कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. नटाच्या, गायकाच्या, खेळाडूच्या वैयक्तिक मानधनाला असा कोणताही नियम लागू नाही. उद्योगपतींमध्ये शिव नाडर यांच्या कुटुंबानं २०२३-२४ या एका वर्षात २,१५३ कोटी दिल्याची नोंद देणगीदारांच्या यादीत आहे. पडद्यावरच्या माणसाची मिळकत त्या तोलाची नसते हे मान्य, पण मिळकतीच्या मानानं तरी आकडा समोर यावा. सुनील गावसकरांनी २०२० मध्ये ५९ लाख दिले: भारतासाठीच्या ३५ शतकांचे ३५ लाख पीएम केअर्सला आणि मुंबईसाठीच्या २४ शतकांचे २४ लाख महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री निधीला. कुणाला किती, हे एका ओळीत कळतं. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये ‘नाम’ फाउंडेशन उभं करताना आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जाऊन १५,००० चे धनादेश दिले, तिथेही रक्कम आणि घेणारा दोन्ही समोर होते. आमिर खानचं जलसंधारणाचं पानी फाउंडेशन २०१६ मध्ये तीन तालुक्यांपासून सुरू झालं. तिथे पैशाइतकीच नावाची पुण्याई कामी आली, कारण गावं श्रमदानाला उतरली. नावाचा असा उपयोग होत असेल तर तेही देणंच आहे.

एखादं फाउंडेशन तपासायचं तर तीन कागद पुरतात. पहिला, प्राप्तिकर खात्याची नोंदणी: १२एबी (ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जीचा क्रमांक आणि तो कधीपर्यंत चालू आहे. नियमित नोंदणी सहसा पाच वर्षांची असते (लहान ट्रस्टांची १२एबी दहा वर्षांचीही असते), तात्पुरती तीन वर्षांची. जुन्या प्रमाणपत्राची झेरॉक्स दाखवली तर तारीख पाहावी. दुसरा, उत्पन्न-खर्चाचं लेखापरीक्षित पत्रक. त्यात उत्पन्नाच्या बाजूला ‘विश्वस्तांकडून देणगी’ आणि ‘इतरांकडून देणगी’ असे दोन आकडे शोधायचे. पहिला आकडा म्हणजे खासगी. तो शून्य असेल आणि दुसराच मोठा असेल, तर नामवंतानं फक्त नाव दिलंय. खर्चाच्या बाजूला प्रत्यक्ष कामावरचा खर्च किती आणि समारंभ, जाहिरात, प्रवास यांवरचा किती ते पाहायचं. ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के कामावर लावावे लागतात, १५ टक्के मागे ठेवता येतात. सलग काही वर्षं पैसा नुसता साठत असेल तर कारण विचारावं. संस्थापकाला किंवा त्याच्या नातलगांना ट्रस्टमधून फायदा देता येत नाही, तेव्हा भाडं किंवा पगार घरच्याच माणसांना जात असेल तर ती धोक्याची खूण. तिसरा कागद म्हणजे कामाची यादी, रुग्णांची नावं न छापता: किती शस्त्रक्रिया, कुठल्या रुग्णालयात, सरासरी किती रुपये.

हे कागद मागायला संकोच वाटतो, कारण समोरचं नाव मोठं असतं. पण नावाच्या मोठेपणानं हिशेब माफ होत नाही, याचा दाखला इंदूरातच आहे. अहिल्याबाईंच्या खासगीच्या २४६ मालमत्ता सांभाळायला १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट झाला. मालमत्ता विकण्यावरून वाद पेटला, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेला, आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या ट्रस्टलाही मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम १९५१ लागू होतो आणि त्यानं नोंदणीसाठी अर्ज करावा. या कायद्यात जिल्हाधिकारी हाच निबंधक असतो, आणि न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर कलम १४ प्रमाणे त्याची पूर्वपरवानगी लागते. अहिल्याबाईंच्या दानालाही निबंधकाच्या वहीत यावं लागलं. कालपरवाच्या नटाच्या फाउंडेशनला ताळेबंद मागताना लाजायचं कारण नाही.

त्यांनी जास्त द्यावं का? द्यावं. पण याच्यासाठी

आमचं स्पष्ट मत आहे: द्यावं, आणि असं काहीतरी द्यावं जे लोक देत नाहीत. बाळाच्या ऑपरेशनला लोक पैसे देतात. फोटो पाहून गलबलतं, बटण दाबलं जातं. पण त्या ऑपरेशनच्या मागे-पुढे जे लागतं, त्याला कुणी देत नाही.

अलिराजपूर किंवा बडवाणीहून इंदूरला आलेलं मजूर जोडपं घ्या. बाळ ऑपरेशनआधी आणि नंतर मिळून दोन-तीन आठवडे इथे असतं. बाप रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपतो, दोघांची मजुरी बुडते, घरी दुसरी मुलं शेजाऱ्यांकडे. रक्त देणारे सापडत नाहीत कारण शहरात ओळख नाही. बाळ बरं होऊन जातं. महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षानं इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला परत यायचं असतं, लघवीचं औषध वजन वाढेल तसं बदलायचं असतं. गाडीभाडं आणि मजुरीचा दिवस परवडत नाही, म्हणून ते येत नाहीत. मोहिमेचं पान तोवर ‘१०० टक्के पूर्ण’ दाखवून बंद झालेलं असतं.

या सगळ्यावर इलाज एकच माणूस करतो: मेडिकल सोशल वर्कर. तो आयुष्मानचा अर्ज भरून घेतो, राहायची सोय लावतो, रक्तपेढीशी बोलतो, सहा महिन्यांनी फोन करून बोलावतो. त्याच्या पगारासाठी कुणी लिंक पाठवत नाही, आणि पाठवली तर ‘आमचा पैसा पगारात जातो’ म्हणून लोकच नाराज होतात. इथे श्रीमंत नामवंतानं उभं राहावं. आपल्या फाउंडेशनचे पगार, लेखापरीक्षण, कार्यालय, गेटवेचं शुल्क, रुग्णाचं येणं-जाणं आणि तीन वर्षांचं फॉलो-अप हे सगळं त्यानं आपल्या खासगीतून द्यावं, तेही आगाऊ आणि निदान तीन वर्षांसाठी, कारण वर्षभराच्या पैशावर चांगला माणूस नोकरीला टिकत नाही. मग लोकांना छातीठोक सांगता येईल की तुमच्या १,००० पैकी १,००० ऑपरेशनला जातात.

आगाऊ पैशाचं वैद्यकीय कारणही आहे. मोठ्या व्हीएसडीचं ऑपरेशन लांबत गेलं की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढत जातो, आणि एका मर्यादेनंतर छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं. मूल मग ऑपरेशनच्या पलीकडे जातं. मोहीम दोन महिने चालवून पैसे जमवणं हे अशा बाळाला परवडत नाही. फिरता निधी आधीपासून रुग्णालयाकडे असेल तर बाळाचं ऑपरेशन वेळेवर होतं आणि मोहिमेतून आलेला पैसा नंतर त्या निधीत परत भरता येतो.

लिंक पाठवण्याआधी

कुणाचं बाळ अडलं असेल तर मोहिमेच्या आधी सरकारी वाटा पाहाव्यात. आयुष्मान भारतमध्ये पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयात मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात हृदयविकारासाठी तपासणी होऊन पुढे पाठवतात, आणि मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे. जिल्हा रुग्णालयातलं बालकांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र ही पहिली पायरी. सोबत इकोचा रिपोर्ट, जन्मदाखला, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आधार आणि राहण्याचा दाखला न्यावा. कागद अपुरे असले की फेरा वाढतो. सगळ्यात जास्त अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर आणि आईच्या माहेरच्या पत्त्यावर काढलेल्या जन्मदाखल्यावर. नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालहृदयशस्त्रक्रिया पूर्ण मोफत होते, तिथे पैसे भरायची खिडकीच नाही. इंदूरहून प्रवास लांबचा आहे आणि प्रतीक्षायादी असू शकते, म्हणून रिपोर्ट आधी पाठवून तारीख घ्यावी आणि मगच निघावं.

कुटुंबाचं आयुष्मान कार्ड चालू असताना त्याच ऑपरेशनच्या पूर्ण रकमेची मोहीम सुरू असेल, तर पैसे देण्याआधी विचारावं की कार्डातून काय भागतं आणि काय नाही. पुष्कळदा उत्तर सरळ असतं: पॅकेज भागतं, पण जास्तीचे आयसीयूचे दिवस, राहणं आणि येणं-जाणं भागत नाही. तेवढ्याच रकमेची मोहीम असेल तर निर्धास्त द्यावं.

संस्थेला दिलं असेल तर पावतीसोबत देणगीचं प्रमाणपत्र मागावं. १९६१ च्या जुन्या प्राप्तिकर कायद्याखाली ते १०बीई नावानं मिळत होतं आणि वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्थेला देणगीदारांचं विवरण भरावं लागत होतं. त्यात आपला पॅन चुकला की वजावट अडते. म्हणून देतानाच पॅन नीट लिहावा, आणि जूनमध्ये प्रमाणपत्र आलं नाही तर संस्थेच्या हिशेबनिसाला फोन करावा, फाउंडेशनच्या पोस्टरवरच्या हिरोला नव्हे.